एका कान्याची जागा

अर्ध्या गुणावरून घराण्याची बैठक बसण्याची ही पहिलीच वेळ. आजवर बैठका बसल्या त्या लग्नांवरून, एका मोडलेल्या भागीदारीवरून, झालंच तर बाबांनी निवृत्तीनंतर मिशी काढली त्यावरूनसुद्धा. पण अर्धा गुण, तोही नववीतल्या मुलीचा, तोही इतिहासाचा, हे फारच झालं, असं वहिनी खुर्च्या ओढता ओढता म्हणाल्या.

"हळू बोल," दादा म्हणाला. "काकू आत आहे."

"काकूंना ऐकू येत नाही."

"नको ते बरोबर येतं."

ताई टेबलाशी बसली होती. समोर उत्तरपत्रिका, तिला टाचलेला अर्ज, आणि कोरा कागद. कोऱ्या कागदावर सोमवारपर्यंत काहीतरी लिहून व्हायला हवं होतं, आणि आज रविवार, दुपारचे तीन.

उत्तरपत्रिकेतला मजकूर असा:

*प्र. ४ (आ). आपल्या शहरातील दंगलीचे परिणाम लिहा.*
*उत्तर: … संध्याकाळपर्यंत रुळांपलीकडच्या वस्तीतले प्रत्येक घर जाळले होते. लोक दुसऱ्या गावी गेले …*

'जाळले'खाली लाल रेघ. समासात लाल अक्षरात: *जळाले. पुस्तक पाहा. –½*

अक्षर ताईचं. तेहेतीस वर्षं मुलांच्या वह्यांतून फिरलेलं, गोल, ठाम.

आणि अर्ज:

*मा. मुख्याध्यापक यांस. बाईंनी माझा 'जाळले' हा शब्द चूक धरला आहे. मी पुस्तक पाहिले. पुस्तकात 'जळाले' आहे. माझ्या आजीचे घर तिथे होते. आजी म्हणते, घर आपोआप जळत नाही. तरी माझा अर्धा गुण मला मिळावा, किंवा पुस्तकाचा अर्धा गुण कापावा.*

खाली मुख्याध्यापकांचा शेरा: *संबंधित शिक्षिकेने सोमवारी लेखी खुलासा द्यावा.*

"पोरगी भारी आहे," भाची म्हणाली आणि हसली. दादाची ही मुलगी तीन वर्षांपासून दुसऱ्या शाळेत भूगोल शिकवत होती. आत्यासारखंच व्हायचं म्हणून ती या धंद्यात आली, हे ती चारचौघांत सांगायची, आणि ताईला ते आवडायचं. आज तेच ऐकावं लागू नये, असं ताईला वाटत होतं.

"भारी काय त्यात? आगाऊपणा आहे," दादा म्हणाला. "पुस्तकाचा गुण कापा म्हणे."

पुस्तक बाबांचं होतं. नववीच्या इतिहासातलं 'आपले शहर' हे प्रकरण त्यांनी अडतीस वर्षांपूर्वी लिहिलं, तेव्हा ते नामांकित शिक्षक होते. प्रकरण अजून तसंच छापलं जात होतं. मुखपृष्ठं बदलली, आतलं एक अक्षर हललं नाही. बाबा आता खिडकीजवळच्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते. झोपले की त्यांचं तोंड उघडं राहायचं.

ताईला आपण रेघ कशी मारली ते आठवत नव्हतं. अठ्ठेचाळीस पेपर, एक बैठक, पेन आपलं आपण चालत गेलं. हे वाक्य मनाशी म्हणताना ती थबकली. पेन गेलं. घर जळालं. सगळं कसं आपलं आपणच होत होतं. आणि शांततेच्या शिक्षणाचा तास आठवड्यातून दोनदा तीच घेत होती. पाहुणे आले की मुख्याध्यापक नवं कपाट दाखवावं तसे तिचा वर्ग दाखवायला आणत. 'माणूस चुकला तर काय करावं?' असं ती त्या तासाला फळ्यावर लिहायची. मुलं हात वर करायची. कबूल करावं, बाई. माफी मागावी, बाई. शाब्बास, बस खाली.

"मी लिहितो," दादाने कागद ओढला. दादाचं सगळं आयुष्य विमा कंपनीत गेलं होतं. खुलासे लिहिण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

*सदर दोन शब्दांतील फरक किरकोळ असल्याने, विद्यार्थिनीचे हित लक्षात घेऊन, अर्धा गुण देण्यात येत आहे.*

"किरकोळ?" भाची म्हणाली. "बाबा, तुमच्या फॉर्मवर आग लागली आणि आग लावली हे वेगवेगळे रकाने नसतात?"

"असतात."

"मग?"

"मग काय? तिथे दावा अडतो. इथे काय अडलंय? पोरीला गुण मिळाल्याशी कारण."

"शब्दाला शब्द वाढवू नका," वहिनी म्हणाल्या. "ताई, तुम्ही देऊन टाका अर्धा गुण. तुमच्या पदरचं काय जातंय?"

आपल्या पदरचं काय जातं हे ताईला नेमकं माहीत होतं.

"अरे, पण इतका विचार कसला करताय?" भाची उभी राहिली. "ती छपाईची चूक आहे ना? लहानपणापासून ऐकतेय मी. आजोबांनी 'जाळले'च लिहिलं होतं. कंपोझिटरने काना एक घर पुढे टाकला. ज-ला द्यायचा तो ळ-ला. हस्तलिखित आहे की आपल्याकडे! तेच जोड ना, आत्या. गुणही देऊन होईल, पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीही होईल, आणि आजोबांचं नावही …"

"अगदी!" दादाने टेबलावर थाप मारली. "कार्टीने बापाच्या वरताण केली. लिही ताई. छपाईची चूक."

खोलीतला ताण एकदम उतरला. वहिनी चहा टाकायला उठल्या. आणि ताईने, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, ताईने पेन उचललं. सुटका इतकी सोपी होती, आणि घरात सगळ्यांना हवी होती. तिने लिहिलंसुद्धा:

*मूळ हस्तलिखितात 'जाळले' असा शब्द असून, मुद्रणाच्या वेळी जुळणी करणाऱ्याच्या हातून*

इथे पेन थांबलं. या वेळी आपलं आपण नाही. तिनेच थांबवलं.

भाची कपाटातून गठ्ठा घेऊन आली होती. जाड दोऱ्याने बांधलेला, वर बाबांच्या अक्षरात 'आपले शहर'. तिने गाठ सोडली, पानं चाळली. "हे बघा! जाळले. स्वच्छ काना. आजोबा, तुमचं अक्षर काय सुंदर होतं हो." मग तिच्या हाताला खालची पानं लागली, पातळ, पिवळी, एकाच बाजूला छापलेली. "ही प्रुफं वाटतं. प्रेसने परत पाठवलेली …"

ताईने डोळे मिटले.

"गंमत आहे," भाची म्हणाली. आवाज बदलला होता. "इथे तर बरोबर जुळवलंय. छापलंय 'जाळले'. आणि लाल पेन्सिलने काना खोडून पुढे नेलाय. बाजूला खूणही आहे." तिने कागद उजेडाकडे धरला. "कंपोझिटरने बरोबर लावलं होतं. ही खूण कुणाची?"

"माझी," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

आता ताईने बोलायला हवं होतं. बोलायला फार काही नव्हतं, एक शब्द. ती एकोणसाठ वर्षांची बाई, वडील सत्त्याऐंशीचे, आणि ते तिच्यासाठी खोटं बोलत होते. लहानपणी तिने शेजाऱ्याची कुंडी फोडल्यावर बोलले होते अगदी तसंच. ती गप्प बसली. चहाचं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, कप मांडल्याचा आवाज आला, तरी ती गप्प.

"भाऊजींची कशी असेल?"

दारात काकू उभी होती. बाबांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा परदेशात. सगळं घर तिच्यासमोर आवाज खाली करून बोलायचं.

"ते तर वाचत होते," काकू म्हणाली. "मोठ्याने, पूर्णविरामासकट. तू प्रूफ धरून बसली होतीस, ताई. मी चहा घेऊन आले होते. तू पेन्सिल फिरवलीस, भाऊजींनी पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. मी कप ठेवले आणि गेले."

"काकू, तू बस आधी," दादा उठला.

"मला बसवू नकोस. मला काय झालंय?"

भाची एकदा या चेहऱ्याकडे, एकदा त्या चेहऱ्याकडे पाहत होती. "आत्या? तू का खोडशील?"

ताईला वाटलं होतं, हा प्रश्न कधी आला तर आपण नीट, क्रमाने सांगू, वर्गात कारणं सांगतो तसं. प्रत्यक्षात तिच्या तोंडून तुकडे पडले. एकवीस वर्षांची होते. काकूचा मुलगा पुढच्या वर्षी नववीत जाणार होता. हेच पुस्तक लागणार होतं. वर्गात एकेकाला उभं करून वाचायला लावतात. त्याच्यावर पाळी आली असती. त्याने वाचलं असतं, जाळले. कुणीतरी मागून म्हटलं असतं, कोणी रे?

"म्हणजे?" भाची म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. "काकाआजोबा?"

"एकटा नव्हता तो," दादा म्हणाला.

"एकटे नव्हते म्हणजे काय, बाबा? म्हणजे बरं झालं?"

"तसं नाही म्हणत मी. सगळी गल्ली गेली होती. काही नुसते बघायला गेले होते."

"काकाआजोबा बघायला गेले होते?"

दादाने वहिनींकडे पाहिलं. वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तेही तुम्ही झोपेत बडबडलात म्हणून."

"आणि कंपोझिटर?" भाचीने विचारलं. तिचा रोख आता बाबांकडे होता. "आजोबा, इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात की त्याची चूक."

बाबांनी डोळे उघडले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. "पुस्तक आल्यावर एका सहकाऱ्याने विचारलं, असं कसं झालं? मी म्हटलं, प्रेसची चूक. तो म्हणाला, मग तक्रार करा. केली नसती तर …" ते थांबले. "मी पत्र लिहिलं प्रेसला. कडक."

"तो घरी आला होता," ताई म्हणाली. "बोटं शाईने काळी, नखांपर्यंत. दारातच उभा राहिला. म्हणाला, 'सर, माझाच डोळा चुकला असणार. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.' मी पाणी दिलं त्याला. तो पाणी प्यायला, आणि मला म्हणाला, 'ताई, तुमच्या वडलांना सांगा, पुन्हा होणार नाही.'"

कुणी चहाला हात लावला नाही.

"मी त्याला सांगितलं, सांगते."

भाचीने प्रूफ टेबलावर ठेवलं, फार हळू. तिने आत्याकडे पाहिलं नाही. ताईला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझ्यापासून लपवत होतात होय?" काकू म्हणाली. कुणालाच नेमकं न म्हणता. "दंगलीच्या दिवशी माझी दवाखान्यात सकाळची पाळी होती. पाळी संपली पण सोडलं नाही, माणसं यायला लागली होती. सतरा जणांना मी पट्ट्या बांधल्या. औषध संपलं, तर नुसत्या ओल्या चादरी. एक बाई सारखी म्हणत होती, सिस्टर, माझं दार बाहेरून लावलं. मग घरी आले. माझा नवरा जेवायला बसला होता." तिने खुर्चीची पाठ धरली. "मी वाढलं. विचारलं, आणखी हवं का."

"काकू …"

"त्याने घेतलं आणखी."

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल घसरली, कुणीतरी हसलं.

"पोरीला गुण दे, ताई," काकू म्हणाली. "काना जिथला तिथे ठेव. छपाईची चूक म्हणून त्या बिचाऱ्यावर पुन्हा ढकलू नकोस. पण माझ्या नवऱ्याचं नाव काढू नकोस. मी आहे तोवर. मला दवाखान्यात रांगेला उभं राहायचं असतं. भाजी घ्यायची असते. भाजीवाली त्याच लोकांतली आहे, मला माहीत आहे, तिला माझं माहीत नाही. एवढं कर."

"आत्या तसं काही करणार नाही," भाची म्हणाली. ती आता काकूच्या शेजारी उभी होती, तिचा हात धरून. मघापर्यंत ती आत्याच्या बाजूची होती. "म्हणजे, मला माहीत नाही ती काय करेल."

ताईने अर्धवट लिहिलेला कागद चार ठिकाणी फाडला. "बरं," ती म्हणाली. कशाला बरं, हे तिने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

*खुलासा.*
*विद्यार्थिनीचा शब्द बरोबर आहे. अर्धा गुण दिला आहे. पुस्तकातील शब्द चूक आहे. ती छपाईची चूक नाही. प्रुफे तपासताना ती दुरुस्ती मी केली होती.*

सोमवारी मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. "बाई, पुस्तक तुमच्या वडलांचंच ना? मग छपाईची चूक लिहा की. सुटसुटीत. दोन वर्षं राहिली तुमची."

"एकच राहिलंय, सर. आणि ती छपाईची नव्हती."

"हे पुढे पाठवावं लागेल."

"पाठवा."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "शांततेच्या तासाचं काय करायचं मग? गुरुवारी पाहुणे येतायत."

तिसऱ्या तासाची घंटा झाली म्हणून ताई सुटली.

नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. ताई आत आली तशी अठ्ठेचाळीस मुलं उभी राहिली, बसली. अर्जवाली मुलगी तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे. उंच, हाडकुळी, वेणी पुढे घेऊन तिचं टोक चावायची सवय. ताईने उत्तरपत्रिका तिच्या बाकावर ठेवली. लाल रेघेवर नवी काट मारलेली होती, गुण वाढवलेले होते, बाजूला सही.

"तुझं बरोबर होतं," ताई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "माझं चुकलं. पुस्तकातही चूक आहे. 'जाळले' असं करून घ्या सगळ्यांनी."

पानं उलटल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी काना खोडला, सगळ्यांनी लिहिला. अर्ध्या मिनिटाचं काम. कुणीतरी शेजाऱ्याकडे खोडरबर मागितलं. झालं, असं ताईला वाटलं; आणि इतकं सहज झालं याचीच तिला लाज वाटली.

मुलीचा हात वर होता.

"बोल."

ती उभी राहिली. "बाई, एक विचारू? 'जळाले' लिहिलं तर पुढे काही विचारता येत नाही. घर जळालं, संपलं. पण 'जाळले' लिहिलं तर विचारता येतं." तिने वेणी सोडली. "कोणी?"

मुलांना प्रश्न अवघड वाटला नव्हता. त्यांना फक्त उत्तर हवं होतं, परीक्षेत येईल म्हणून.

'जमावाने' असं एक उत्तर होतं. बरोबरही होतं, पूर्ण गुणांचं. ताईने ते जिभेवर आणलंसुद्धा. 'आजीला विचार' असंही एक होतं. मग तिला काकू दिसली, भाजीच्या गाडीसमोर, हातात पिशवी. मुलगी अजून उभीच होती.

"माझ्या काकांनी," ताई म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. "आणि त्यांच्याबरोबर … आमच्या गल्लीतल्या … बऱ्याच जणांनी. मी दहा वर्षांची होते. ते घरी आले. त्यांच्या हाताला रॉकेलचा वास येत होता. त्यांनी मला … बादली आणायला सांगितली. मी त्यांच्या हातांवर … पाणी ओतलं."

तिने मान खाली घातली. मुलगी काही म्हणेल, कुणीतरी काही म्हणेल, याची ती वाट पाहत राहिली. मग तिला तो आवाज ऐकू आला, रोजचा, तेहेतीस वर्षांच्या ओळखीचा, इतका ओळखीचा की तो पहिल्यांदा कळलाच नाही. पेनांचा. बाई असं थांबून थांबून बोलायला लागल्या की ते लिहून घ्यायचं असतं, हे नववीला पक्कं माहीत होतं. अठ्ठेचाळीस माना वह्यांवर वाकलेल्या होत्या. त्या मुलीचीही.

शेवटच्या बाकावरून हात वर आला.

"बाई, जरा सावकाश. 'माझ्या काकांनी' इथपर्यंत झालं. पुढचं परत सांगा ना."

आणि ताईने पुन्हा सांगायला सुरुवात केली.